आपाचा वकील

आमच्या घरात अल्लाची नावं भिंतीवर होती. लाकडी चौकट, हिरवा कागद, त्यावर सोनेरी अरबी अक्षरं आणि प्रत्येक नावाखाली मुंगीएवढ्या उर्दूत त्याचा अर्थ. रहीम, करीम, रज्जाक ही नावं तर पुढे अब्दुल लावून आमच्या गल्लीत सायकली चालवत होती, त्यामुळे त्यांचं मला नवल नव्हतं. नवल होतं ते एकाच नावाचं. वकील. घरात मराठी शाळेत जाणारी मी एकटी, कारण मी धाकटी, उर्दू शाळा बाजारापलीकडे आणि मराठी शाळा दारासमोर. त्यामुळे हा शब्द माझा, माझ्या शाळेतला, असं मला वाटे. वकील म्हणजे काळा कोट. दारव्ह्याच्या कोर्टासमोरून एस.टी. जायची तेव्हा खिडकीतून दिसायचे ते, काखेत कागदांची भेंडोळी मारून बशीतून चहा पिणारे. तो शब्द अल्लाच्या नावांत कसा जाऊन बसला हे काही केल्या कळेना. एकदा अम्मी तव्यावर भाकर टाकत होती तेव्हा मी विचारलंच, "अम्मी, अल्ला कोन्त्या कोर्टात जाते?" अम्मीला इतकं हसू आलं की भाकर करपली, आणि ती करपलेली भाकर मलाच खावी लागली.

दिग्रसला आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे संसार. आम्ही पिंजारी. अब्बा कापूस पिंजून गाद्या, रजया भरायचे. पिंजायची धनुकली माणसाहून लांब, छताला दोरीनं टांगलेली. अब्बा लाकडी मुठीनं तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, ओढून सोडत तेव्हा घरभर आवाज घुमे, तुंग, तुंग, तांय. त्या आवाजात आम्ही जेवलो, पाढे पाठ केले, ताप आला तर झोपलोही त्यातच. ईदच्या दिवशी दुकान बंद असलं की मला दुपारची झोप लागत नसे, इतकी त्या आवाजाची सवय. कापसाचा भुरा सगळीकडे असायचा. पापण्यांवर, वरणात, अम्मीच्या केसांत. पाहुणे आले की अम्मी आधी त्यांच्या ताटावर फुंकर घालायची आणि मग वाढायची. जेवण काही थाटाचं नव्हतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, त्यावर लसणाच्या फोडणीचं कच्चं-पक्कं तेल. शेजारच्या शेवंताकाकूंकडे कापसाचं आणि तुरीचं वावर होतं. नवी तूर निघाली की पहिली पायली आमच्याकडे येई आणि त्यांच्या घरच्या साऱ्या गाद्या अब्बा भरून देत. आता माझा मुलगा गादी मोबाईलवरून मागवतो. गुंडाळी करून खोक्यात येते आणि उघडली की आपोआप फुगते. मी तिच्यावरच झोपते, पाठीला बरी आहे, पण तिला कसलाच वास नाही.

अब्बांचे थोरले भाऊ, आमचे बडे अब्बा, एस.टी.त ड्रायव्हर होते. सगळं गाव त्यांना सुलेमान ड्रायव्हर म्हणे. बडी अम्मी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ते आमच्यातच राहत आणि आमच्यातच जेवत. उंच, सावळे, बोलणं कमी. खाकी कपड्यांना डिझेलचा वास. दिग्रस-पुसद आणि दिग्रस-यवतमाळ या त्यांच्या गाड्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत यवतमाळच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, जायचं असलं की अब्बा मला त्यांच्याच गाडीत बसवत, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बडे अब्बा गाडी चालू करायच्या आधी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत. एकदा मी पुढे वाकून ऐकलं. "या वकीलु." म्हणजे, हे वकिला, अशी हाक. मला वाटलं, इथंही वकील!

हे नाव आमच्या घरात सारखंच तोंडात असे, फक्त प्रत्येकाचा अर्थ वेगळा. अम्मीसाठी ते कडी-कुलूप होतं. दूध उघडं राहिलं, पोरं बाहेरगावी गेली, शेजारणीला दागिना वापरायला दिला, की अम्मी म्हणे, "या वकीलु," आणि निर्धास्त होई. अरबी शिकवायला येणारे मौलवीसाहेब म्हणत, वकील म्हणजे कारसाज, काम तडीला नेणारा. मला त्यातलं काहीच पटत नव्हतं. काळा कोट डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या दिवशी आर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली, बडे अब्बांनी मला चहात बुडवून खारी खायला दिली, तेव्हा मी विचारलं. गाडी चालवताना ते बोलत नसत, पण थांबलेल्या गाडीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे.

"हे पाय नसीम," ते म्हणाले, "तुह्या अब्बानं तुले माह्या गाडीत बसवलं अन् घरी गेला. आता तो तिकडे कापूस पिंजून राह्यला असंन. त्याची पोरगी त्यानं माह्या हवाली केली. मंग मले काय करा लागते? त्यानं सांगतलं तिथंच तुले नेऊन सोडा लागते. मले वाटलं म्हनून आर्णीले उतरवता येत नाही, मले बरं वाटते म्हनून पुसदले नेता येत नाही. दुसऱ्याची गोष्ट हाती घ्याची अन् तिच्यात आपलं काही मिसळाचं नाही. मानसाले हे पुरतं जमत नाही. त्याले जमते. म्हनून नाव त्याचं. आपन नुसते उसने वकील."

मी खारीचा तुकडा चहात पडू दिला आणि चमच्यानं शोधत राहिले. समजलं असं वाटलं, पण तेव्हा ते समजलं नव्हतं. पुढे मी बरंच ऐकलं, वाचलं. ज्या मुळापासून वकील शब्द निघतो त्याच मुळापासून तवक्कुल निघतो, म्हणजे आपला भार त्याच्यावर टाकून मोकळं होणं, हे मला एका विद्वान बाईंनी छान समजावून दिलं. पण आर्णीच्या स्टँडवर डिझेलच्या धुरात मिळालेला अर्थ त्यात कुठे कमी पडला नाही.

जुबेदा आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरातली पहिली बारावी पास. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर ती बालवाडी घ्यायची. तिथल्या पोरांना मराठी धड येत नव्हती आणि आपाला गोर बोली येत नव्हती. सुरुवातीला दोन्हीकडून नुसते हातवारे चालत. वर्षभरात आपा त्यांच्या बोलीत गोष्टी सांगायला लागली आणि पोरं घरी जाऊन मराठीत भांडायला लागली. तांड्यावरच्या बाया तिला "बाई" म्हणत, वयानं तिच्या आईएवढ्या असलेल्यासुद्धा. मी आठवी पास झाले त्या उन्हाळ्यात यवतमाळला अध्यापक विद्यालयात तिचा नंबर लागला. अब्बांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं. कुणी उशी भरायला आला तरी त्याला आधी ती बातमी ऐकावी लागे.

त्याच सुमारास मेहरून फुफीनं, म्हणजे अब्बांच्या बहिणीनं, फुलसावंगीचं स्थळ आणलं. मुलगा अन्वर, स्वतःचं किराणा दुकान, घर पक्कं, माणसं चांगली. अब्बांनी पहिलीच गोष्ट विचारली ती शिक्षणाची. फुफी म्हणाली, "त्याईलेच शिकलेली सून पाह्यजे. दोन वर्षं यवतमाळले राहीन, मंग तिकडच्या शाळेत लागन." आपानं होकार दिला तो या अटीवर. तिला मुलगा नापसंत होता असं नाही. तिनं त्याला फक्त एकदा, चहाचा ट्रे ठेवताना पाहिलं होतं, आणि नंतर मला म्हणाली होती, "कान मोठे हायत, पन डोये चांगले हायत."

निकाहाच्या आदल्या दुपारी मुलाकडच्या बायका मेहंदी घेऊन आल्या. आतल्या खोलीत आपाला पाटावर बसवलं होतं, मी तिचा हात धरून होते. अन्वरची मोठी बहीण मेहंदीच्या कोनानं आपाच्या तळव्यावर वेल काढत होती. काढता काढता ती सहज बोलून गेली, "आता कायचं कालेज अन् फालेज! अम्माचे गुडघे गेले, उठनं-बसनं होत नाही तिचं. घर कोन पाह्यन? तुह्या फुफीले तं आमी पहिलेच सांगतलं होतं." मेहंदीची वेल पुरी होईपर्यंत आपा हलली नाही. बायका गेल्या तशी ती ओल्या मेहंदीचे हात पुढे धरून अम्मीकडे गेली. अम्मी कांदे चिरत होती. ऐकून तिनं विळी बाजूला सारली आणि म्हणाली, "बेटा, मंडप टाकून झाला. पाव्हने निंगाले असतीन घरून. निकाह होऊ दे, मंग तुहे अब्बा बोलतीन त्याईच्याशी." अब्बाही तेच म्हणाले. माझे अब्बा वाईट माणूस नव्हते. पण गल्लीत मंडप उभा राहिला की बापाच्या पायांतलं बळ जातं, हे मी तेव्हा पाहिलं. बडे अब्बा घरी नव्हते. लग्नासाठी सुट्टी मिळावी म्हणून दोन दिवसांच्या ड्यूट्या एकत्र करून ते गाडीवर होते.

आमच्यात निकाह लागतो तेव्हा नवरदेव बाहेर मंडपात असतो आणि नवरी आत खोलीत. नवरीकडून तिचा वकील नेमतात, बहुधा चुलता नाहीतर मामा. तो दोन साक्षीदार घेऊन तिच्याकडे जातो, मुलाचं नाव सांगतो, मेहर, म्हणजे मुलानं मुलीला द्यायची रक्कम, सांगतो आणि विचारतो, कबूल आहे का? तिचं उत्तर घेऊन तो बाहेर येतो आणि काझीसाहेबांना सांगतो. त्यानंतरच नवरदेवाला विचारायचं. म्हणजे पहिला शब्द मुलीचा. किती सुंदर रीत आहे! प्रत्यक्षात मात्र मी पाहिलेले निकाह असे, की खोलीभर बायका, घुंगटाआड रडणारी नवरी, वकिलानं विचारून तोंड मिटायच्या आत मागून कोणीतरी ओरडणार, "म्हटलं, म्हटलं, कबूल म्हटलं!" आणि वकील सुटल्यासारखा बाहेर पळणार. कुंवाऱ्या मुलीनं काहीच म्हटलं नाही तरी तिची चूप म्हणजे 'हाव', होकार, धरत. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी अंगणात तीन दगडांच्या चुलींवर देगा चढल्या. दालच्यातला दुधी आणि मटण, बगाऱ्या खान्यातली, म्हणजे फोडणीच्या भातातली, लवंग-दालचिनी, तळलेला कांदा. वासानं गल्लीतली कुत्रीसुद्धा शिस्तीत बसली होती. शेवंताकाकू आणि त्यांच्याकडच्या माणसांसाठी वेगळ्या चुलीवर वरण-भात आणि वांग्याची भाजी होती, आणि ती चूल स्वतः शेवंताकाकूच सांभाळत होत्या. अब्बांचं दुकान आवरून तिथं पुरुषांची बैठक घातली होती. धनुकली छताला घट्ट बांधून वर घेतली होती. फुलसावंगीची मंडळी आली, सरबत झालं. बडे अब्बा रात्रपाळी करून थेट स्टँडवरून आले होते. अंघोळ करून, इस्त्री न केलेला पांढरा सदरा घालून ते बैठकीत बसले. वकील म्हणून त्यांचंच नाव ठरलं होतं. आदल्या दुपारचं त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

ते आत आले तेव्हा त्यांच्या मागे साक्षीदार म्हणून आमचे मामू आणि बडे अब्बांच्या गाडीवरचे कंडक्टर हमीदभाई होते. बायकांनी पदर ओढले, वाट दिली. आपा लाल घुंगटात मान घालून बसली होती. मी तिच्या उजवीकडे. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या बांगड्या रुतत होत्या. बडे अब्बा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"बेटा जुबेदा, फुलसावंगीच्या अन्वरसोबत, ठरलेल्या मेहरवर, तुहा निकाह लावून राह्यलो. तुले कबूल हाय?"

आपा काही बोलली नाही. घुंगट हलत होता, ती रडत होती. मागून मेहरून फुफी म्हणाली, "कबूल म्हटलं! चाला भाईजान, काझीसाहेब थांबून राह्यले."

"म्या नाही ऐकलं," बडे अब्बा म्हणाले.

"अवो, लाजते पोरगी. रडून राह्यली ना? रडनं म्हंजे हावच असते."

"रडनं म्हंजे रडनं असते, मेहरून." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. पुन्हा तोच प्रश्न, तेच शब्द, तितकेच सावकाश. पुन्हा चूप. खोलीतल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "झालं का?" मामू चुळबुळत म्हणाले, "भाई, चूप म्हंजे हावच धरतेत. निंगा आता."

बडे अब्बा पुढे सरकले. आवाज चढवला नाही, पण खोलीतल्या प्रत्येकीला ऐकू गेलं. "बेटा, तू चूप राह्यली तं काझीसाहेब चूपले हाव मानतीन. त्याईच्या हिशेबानं ते चालते. माह्या हिशेबानं नाही चालत. तुही चूप घेऊन म्या भायेर जानार नाही. 'हाव' देशीन तं 'हाव' नेईन, 'नाही' देशीन तं 'नाही' नेईन. तिसरं काही माह्या हातात देऊ नको." मग ते बायकांना म्हणाले, "सगळ्या जरा भायेर व्हा."

बायका निघाल्या. फुफी निघेना. ती आपाच्या मागे उशीला टेकून बसली आणि म्हणाली, आपण मुलीची फुफी आहोत, आपण कुठे जायचं? मला काय झालं कोण जाणे, मी उठले, दोन्ही हातांनी तिचा दंड धरला आणि तिला ओढत उंबऱ्यापाशी नेलं. फुफी जड बाई होती. "हे पाहा पोट्टी!" ती ओरडली. शेवंताकाकूंनी बाहेरून तिचा दुसरा हात धरला आणि ती बाहेर गेली. मी कडी लावली नाही, दार नुसतं लोटून परत आपाजवळ येऊन बसले. आज गुडघे साथ देत नाहीत, पण ते दोन्ही हात आणि त्यांतलं बळ आठवलं की मला माझंच कौतुक वाटतं.

आपानं घुंगट वर केला. काजळ गालांवर उतरलं होतं. तिनं बडे अब्बांकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "नाही, बडे अब्बा. मले कबूल नाही."

त्यांनी कारण विचारलं नाही. हे मी आजवर अनेकांना सांगितलं, आणि ज्याला सांगितलं त्यानं मला विचारलं, असं कसं, कारण तर विचारायला हवं. त्यांनी एवढंच म्हटलं, "पक्कं?"

"पक्कं."

"ऐकलं?" त्यांनी साक्षीदारांना विचारलं. हमीदभाई म्हणाले, "साफ ऐकलं." मामू जमिनीकडे पाहत राहिले, मग त्यांनी होकारार्थी मान डोलावली. बडे अब्बांनी आपाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला विचारायची गरज नव्हती. आर्णीच्या स्टँडवर जे कळलं नव्हतं ते त्या क्षणी कळलं.

खोलीच्या खिडकीतून अंगण आणि बैठक दोन्ही दिसत. मी पडदा बाजूला केला, आपानं मला अडवलं नाही. बडे अब्बा काझीसाहेबांसमोर उभे राहिले. "काझीसाहेब, मी मुलीचा वकील. मुलीनं नाही म्हटलं."

अंगणात देगेत फिरणारा मोठा कलथा थांबला. अब्बा उठून उभे राहिले, चेहरा पांढराफटक. "भाई, काय बोलून राह्यले तुमी? पोरगी हाय, तिले समजत नाही. आत जा, समजवून सांगा तिले. हाव म्हनवा."

"समजवाचं काम बापाचं असंन, हनीफ. म्या वकील आहो. समजवाले गेलो तं वकील नाही राह्यलो."

अन्वरचे चाचा उसळून उठले. "हे काय थट्टा लावली? मंडपात बोलवून बेइज्जती करता? तुमच्या घरात पोरी बोलतेत काय असं?"

"बोलतेत," बडे अब्बा म्हणाले. "अन् आमी ऐकतो."

"चूप असन पोरगी. तुमीच बनवून सांगून राह्यले."

तेवढ्यात चुलीकडून शेवंताकाकूंचा आवाज आला. हातात वांग्याच्या भाजीचा डाव घेऊन त्या पुढे आल्या होत्या. "चूप कायची? म्या दारातच उभी होती ना! खनखनीत नाही म्हटलं तिनं. तुमच्या गवाहाईनं ऐकलं, म्याबी ऐकलं." काकूंची साक्ष आमच्या शरीयतमध्ये चालते की नाही यावर तिथं कुणी वाद घातला नाही.

काझीसाहेब म्हातारे, कृश, दाढी छातीपर्यंत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. "मुलीची रजामंदी नाही. माझं इथलं काम संपलं." मग बडे अब्बांकडे पाहत म्हणाले, "सुलेमानभाई, आयुष्यभर निकाह लावले. 'हाव' घेऊन येणारे वकील खूप पाहिले. 'नाही' घेऊन आलेला आज पहिला पाहिला. ज्याचं हे नाव आहे त्याला तुमची शरम वाटणार नाही."

यानंतर आरडाओरडा झाला, नाही असं नाही. चाचांनी चपला शोधल्या. फुफी छाती पिटत अंगणात बसली. तेव्हा पहिल्यांदाच नवरदेव बोलला. अन्वरनं तोंडावरचा फुलांचा सेहरा स्वतःच सोडला, मांडीवर ठेवला आणि बडे अब्बांना विचारलं, "चाचा, काहून नाही म्हटलं तिनं?"

"म्या नाही विचारलं, बेटा."

हमीदभाईंनी तोवर फुफीच्या रडण्यातून आणि बायकांच्या बोलण्यातून सगळं गोळा केलं होतं. कॉलेजचं त्यांनीच सांगितलं. अन्वर आपल्या चाचांकडे वळला. "मले तं हे कोनी सांगतलंच नव्हतं." त्याचे कान लाल झाले होते. डोळे खरंच चांगले होते.

बडे अब्बांनी बाह्या वर सारल्या. "निकाह नाही झाला तं पाव्हने काही दुश्मन नाही झाले. इतक्या दूरून आले, उपाशी कोनी जानार नाही." आणि रात्रभर गाडी चालवून आलेला तो माणूस स्वतः वाढायला उभा राहिला. चाचा जेवले नाहीत. पण अन्वर जेवला. बगारा खाना दोनदा घेतला, आणि त्याच्याकडे पाहून बाकीची मंडळी पण बसली. उठताना त्यानं बडे अब्बांचा हात हातात घेतला, सलाम केला आणि गेला. पुढे त्याचा संसार चांगला झाला असं ऐकलं, आणि ऐकून आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

आमच्या घरात मात्र त्यानंतर बरेच दिवस चूप होती. अब्बा बडे अब्बांशी बोलेनात. एकाच ओसरीवर दोघं जेवत, मध्ये मीठ लागलं तर अब्बा मला सांगत, "तुह्या बडे अब्बाले विचार, मीठ संपलं काय." मशिदीतून येताना अब्बा मागच्या गल्लीनं येत. त्यांना लोकांची तोंडं चुकवायची होती. बडे अब्बा मोठ्या रस्त्यानं, नेहमीच्या चालीनं येत. त्यांनी ना कधी स्वतःची बाजू सांगितली, ना भावाला दोष दिला.

आपा यवतमाळला निघायच्या आधीच्या दुपारी मला दुकानातून तात ओढल्याचा आवाज आला, पण नेहमीपेक्षा हळू आणि बराच वेळ. अब्बांनी सगळ्यात चांगला, लांब धाग्याचा कापूस काढला होता. तो त्यांनी दोनदा पिंजला. एकट्या माणसापुरती, वसतिगृहाच्या खाटेवर बसेल एवढी गादी त्यांनी भरली, टाके स्वतः घातले, सुतळीनं बांधली आणि आपाच्या पेटीशेजारी ठेवली. आपानं त्या गादीवर बसून अम्मीच्या हातची भाकर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. गाडी बडे अब्बांचीच होती.

आपा शिक्षिका झाली. पुढे पुसदच्या एका मास्तरांशी तिचा निकाह झाला, त्यांना पाहून, बोलून, विचार करून. तेव्हाही आपाच्याच सांगण्यावरून वकील बडे अब्बाच होते, आणि आपा म्हणाली, "कबूल हाय." साध्या आवाजात, वर्गात हजेरी घेतात तशा. मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली तेव्हा तांड्यावरून दोन जीपा भरून माणसं आली होती. त्यांत एक मुलगी होती, बालवाडीतली, आता स्वतः शिकवणारी. तिनं गोर बोलीत भाषण केलं आणि ते सगळ्या सभागृहात फक्त आपाला आणि तांड्यावरच्यांना समजलं.

बडे अब्बांचं म्हणाल तर त्या दिवसानंतर त्यांना दुसरीच ड्यूटी लागली. आमच्या मोहल्ल्यात, मग गावातल्या बाकीच्या मोहल्ल्यांतही, मुलींचे बाप त्यांना वकील म्हणून बोलवायला लागले. काहींचे बाप नाही, मुलीच निरोप पाठवत. ते खोलीत शिरत, आधी बायकांना बाहेर काढत, मग जमिनीवर मांडी घालून विचारत. बहुतेक ठिकाणी "हाव"च मिळालं. एक-दोन ठिकाणी "नाही" मिळालं, आणि तेही ते जसंच्या तसं बाहेर घेऊन आले. दिग्रसच्या मुली बोलायला लागल्या, असं मी म्हणणार नाही, तो मोठा शब्द होईल. पण आमच्या भागात आजही वकील खोलीत आला की बायका आपणहून उठतात. तरुण मुलींना वाटतं, ही पहिल्यापासूनची रीत. मी त्यांना सांगत नाही. त्यांना तसंच वाटू द्यावं.

माझ्या निकाहात मी "हाव" म्हटलं ते बाहेर मंडपात ऐकू गेलं आणि पुरुषांत हशा पिकला, हे माझ्या सासरी अजून सांगतात. मला मात्र आठवते ती त्या निकाहाच्या आधीची एक संध्याकाळ. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. अब्बांनी दुकानातलं काम थांबवलं, अंगावरचा भुरा झटकला आणि भावाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघं एकदाही बोलले नव्हते.

"भाई," अब्बा म्हणाले, "नसीमचे वकील तुमीच व्हा."

बडे अब्बा सदऱ्याला बटण लावत होते. सुई तशीच बोटांत धरून ते म्हणाले, "इचार कर, हनीफ. तिनं 'नाही' म्हटलं तं म्या 'नाही'च घेऊन येईन."

अब्बा चौकटीला टेकले. "त्याच्यासाठीच तं तुमाले म्हनून राह्यलो."